कोनमापक घेऊन समुद्रावर

दोहाच्या अल मुंतझामधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षं एक बातमी फिरत होती. तिसऱ्या मजल्यावरचे हेमचंद्र टिपणीस दर शुक्रवारी सकाळी मासे पकडायला म्हणून निघतात, पण अल वक्राच्या धक्क्याकडे जायच्या आधी गाडी बरोबर उलट दिशेला, उम्म सलालच्या मासळी बाजाराकडे नेतात. तिथून एक बरासा हमूर घेतात, मग समुद्रावर जाऊन तो गळाला अडकवतात आणि त्याच्यासोबत फोटो काढून घेतात. ही बातमी साफ खोटी आहे. मीच उठवली होती, त्यामुळे खात्रीने सांगतो.

खरी गोष्ट याहून वाईट होती. टिपणिसांनी मासा कधी विकत घेतला नाही आणि फोटोही काढला नाही, कारण फोटो काढण्यासारखं त्यांच्या हाती कधी काही लागलंच नव्हतं. हा माणूस दर शुक्रवारी रिकामी निळी बादली घेऊन जायचा आणि रिकामी निळी बादली घेऊन यायचा. लिफ्टमध्ये गाठ पडली की मी मुद्दाम वाकून बादलीत बघायचो. ते माझ्याकडे न बघता मजल्यांचे बदलणारे आकडे बघायचे.

आकडे बघणं हाच त्यांचा धंदा. गॅस कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर, वय अठ्ठावन्न, कतारमध्ये बावीस वर्षं. दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, आपण स्वतः मोजायचं, ही त्यांची नोकरी आणि हाच त्यांचा स्वभाव. घरातल्या एसीवर चोवीस लिहिलेलं असलं तरी खोलीत वेगळा थर्मामीटर टांगलेला. कमलिनीवहिनींनी इडलीचं पीठ भिजवलं की ते किती तासांत किती बोटं फुगलं याची नोंद फ्रिजच्या दारावर. बाईंनी एवढी वर्षं कशी काढली, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या की शिफ्ट ड्यूटी होती म्हणून निभावलं.

माणूस मूळचा नाशिकचा. जातीने मासे खाणारा, पण पकडण्याशी सात पिढ्यांत संबंध नाही. मग हे खूळ आलं कुठून? डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब वाढलाय, मन शांत होईल असं काहीतरी करा. दुसऱ्या कुणी बागकाम केलं असतं, पेटी शिकली असती. टिपणिसांनी इंटरनेटवर शोधलं आणि पहिला जो व्हिडिओ समोर आला तो उघडला. अमेरिकेतला कुणी दाढीवाला म्हातारा, एक तळं, एक छोटी होडी आणि क्रॅपी नावाचा मासा. तळहाताएवढा, चपटा, ठिपक्याठिपक्यांचा. म्हातारा तो जिगने पकडतो. जिग म्हणजे काय, तर शेंगदाण्याएवढा शिशाचा गोळा, त्यातूनच बाहेर आलेला गळ आणि मागे रबराची गुलाबी झालर. बाहुलीच्या लग्नात बाहुलीला नेसवावी तसली.

टिपणिसांनी त्या म्हाताऱ्याचे एकूण एक व्हिडिओ बघितले, काही दोनदा, वही घेऊन. अमेरिकेतल्या पुतणीकडून सगळं सामान मागवलं. काडीसारखी बारीक काठी, केसासारखी दोरी, आणि औषधाच्या गोळ्यांच्या डबीत रंगवार लावलेले जिग. मग ते मला पकडून शिकवायला लागले. मी कधी विचारलं नव्हतं. क्रॅपी तळाशी नसतो, म्हणे, मधल्याच कुठल्यातरी खोलीवर तरंगत थांबतो. त्याचे डोळे वर असतात, म्हणून जिग त्याच्या डोक्यावर लोंबायला हवा, खाली गेला तर त्याला दिसतच नाही. म्हणून सोडताना अंक मोजायचे. अकरावर काही नाही, तर पुढच्या वेळी नऊवर थांबवायचं. ज्या अंकावर मासा मिळेल तो अंक धरून ठेवायचा. हलवायचं जवळजवळ नाहीच. दोरी ओढली जात नाही, उलट ढिली पडते, तेव्हा समजायचं. आणि मग झटका द्यायचा नाही, हलकेच उचलायचं, कारण त्याचा ओठ कागदासारखा पातळ असतो, फाटतो.

हे सगळं ऐकून मी एकच प्रश्न विचारला होता. हा मासा इथल्या समुद्रात आहे का?

नव्हता. इथे काय, जगातल्या कुठल्याच समुद्रात नव्हता. तो गोड्या पाण्यातला, तळ्यातला मासा. हे टिपणिसांना आठ महिने माहीत नव्हतं. बावीस वर्षं गॅसच्या पाइपातला दाब दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत मोजणारा माणूस, आणि आठ महिने आखाताच्या खाऱ्या पाण्यात अमेरिकेतल्या तळ्यातला मासा शोधत होता. मी ही बातमी त्यांना जिन्यात दिली, आणि दिल्यावर तीन मजले हसत उतरलो. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. मासा बदलला तरी पद्धत ती पद्धत, असं म्हणाले आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेले.

शुक्रवारच का, तर शनिवारी त्यांच्या घरात मासा शिजत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार बंद, हा कमलिनीवहिनींचा माहेरून आलेला नियम. सुट्टी इथे शुक्रवार-शनिवार, त्यातला एक दिवस असा गेला, उरला एक.

धक्क्यावर त्यांच्या शेजारी बसायचा युसुफ. आमच्या बिल्डिंगखाली त्याचं किराणा दुकान, गाव कोझिकोडजवळचं. शुक्रवारी सकाळी दुकान भावाकडे सोपवून यायचा, गळाला कोळंबीचा तुकडा लावायचा, जड शिसं बांधून खाली सोडायचा, नमाजाच्या आधी चार-पाच शेरी घेऊन घरी. शेरी म्हणजे इकडचा रोजच्या खाण्यातला मासा, चवीला चांगला. त्याने टिपणिसांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "साब, ये हल्का है. पानी इसको घुमाने ले जाता है." आणि ते खरंच होतं. भरतीचं पाणी धक्क्याच्या खांबांमधून वाहायचं आणि त्यासोबत तो शेंगदाणा, गुलाबी झालर उडवत, बहरीनच्या दिशेने निघायचा. सरळ खाली जायचंच नाव नाही.

कुणीही शहाण्या माणसाने जड शिसं बांधलं असतं. टिपणिसांनी काय केलं? भैरवीच्या, म्हणजे मुलीच्या, शाळेतल्या जुन्या कंपासपेटीतून कोनमापक काढला, धक्क्याच्या कठड्याला चिकटपट्टीने चिकटवला आणि दोरी किती अंशांनी तिरकी जाते ते दर दहा मिनिटांनी वहीत लिहायला सुरुवात केली. वेळ, वारा, कोन. सहा वाजून दहा मिनिटं, चाळीस अंश. सहा वीस, बेचाळीस. धक्क्यावरचे फिलिपिनो, बंगाली, मल्याळी, सगळ्या देशांतले मासे पकडणारे ज्या एका गोष्टीवर एकमताने हसायचे ती ही. मी एकदा जाऊन ते डोळ्यांनी बघून आलो आणि आल्यावर चारही मजल्यांवर वर्णन करून सांगितलं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग भैरवीचं लग्न ठरायला आलं.

मुलगा कुशल, इथेच दोहात आयटीत. चांगला, हसरा मुलगा. आडनाव नाखवा. मुरुडचे कोळी, घरच्या दोन होड्या, आणि वडील विजय नाखवा बंदर खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे ज्या घरात मूल चालायच्या आधी मासा साफ करायला शिकतं, तसलं घर. जानेवारीत दोन्ही घरांचं पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. हवापाणी झालं, नोकऱ्या झाल्या, आणि मग नाखवांनी सौजन्य म्हणून विचारलं की तुम्हीही मासे पकडता असं कुशल सांगत होता. टिपणिसांची छाती फुगली. म्हणाले, फेब्रुवारीत येताय ना, माझ्या हातचा मासा खाऊ घालतो. कमलिनीवहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या वाटाणे सोलत होत्या. सांगता सांगता एक वाटाणा त्यांनी इतक्या जोरात दाबला की तो माझ्या चहात पडला.

भैरवीने बापाला समजावलं. ही मुलगी दोहात वाढलेली, मराठी सगळं समजतं, पण राग आला की इंग्रजी. बाबा, दे आर नाखवाज, म्हणाली, त्यांना एक नजर टाकली की कळतं जाळ्यातला कुठला, बर्फातला कुठला. जस्ट टेल देम यू वर जोकिंग. टिपणीस म्हणाले की मी विनोद केला नव्हता. हे मात्र खरं आहे, त्यांनी आयुष्यात विनोद केलेला नाही.

तर आता हे सगळं त्या एका माशावर येऊन ठेपलं होतं. नाखवा मंडळी मंगळवारी येणार, पुढच्या बुधवारी परत जाणार. मधे शुक्रवार एकच. त्या दुपारी दीड वाजता ताटात टिपणिसांनी पकडलेला मासा असायला हवा होता. नाहीतर मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर पहिल्याच भेटीत फुशारकी मारणारा माणूस म्हणून बसायचं. कमलिनीवहिनींनी आपल्या बाजूने बंदोबस्त केला. बुधवारीच उम्म सलालला जाऊन सुरमई आणली, कापून, मसाला लावून फ्रीजरमध्ये ठेवली. नवऱ्याच्या पराक्रमावर त्यांचा भरवसा एवढा.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे घडीच्या खुर्च्या पोचवायला गेलो. टिपणीस जेवणाच्या टेबलावर ती वही उघडून बसलेले. दोन वर्षांची पानं, आणि हातात लाल पेन. मला वाटलं प्रार्थना करतायत. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. काही काही ओळींना लाल खूण होती. त्या ओळींत कोन शून्य होता. म्हणजे दोरी सरळ खाली, पाणी अजिबात वाहत नाही, भरती संपलेली आणि ओहोटी सुरू व्हायची आहे. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. आणि अशा प्रत्येक ओळीपुढे टिपणिसांच्याच सुबक अक्षरात एक शब्द लिहिलेला होता. चहा.

झालं असं होतं की कोन शून्यावर आला की मोजायला काही उरायचं नाही. मग ते दोरी गुंडाळायचे, थर्मास उघडायचे आणि चहा प्यायचे. पाणी वाहायला लागलं की पुन्हा दोरी टाकायची आणि पुन्हा कोन. म्हणजे आखाती समुद्र रोज वीस मिनिटं त्या अमेरिकन म्हाताऱ्याचं तळं व्हायचा, आणि नेमकी तेवढीच वीस मिनिटं हा माणूस पाठ फिरवून बिस्किटं बुडवायचा. मी इतकी वर्षं लोकांची टिंगल करत आलोय, पण इतकं आयतं मला कुणी कधी दिलं नव्हतं. हसायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "अभिजित, मी दोन वर्षं चुकीच्या वेळी चहा प्यालो." इतक्या सरळ आवाजात म्हणाले की मी तोंड मिटलं. पण घरी आल्यावर बायकोला, गौरीला, सांगितलंच, आणि आम्ही दोघं हसलो.

शुक्रवारी मी त्यांच्यासोबत गेलो. मदतीला नाही, तमाशा बघायला. ते म्हणाले की भरतीच्या छापील तक्त्यात आठ सत्तावन्न लिहिलंय, पण या धक्क्यावर पाणी अडतीस मिनिटं उशिरा थांबतं, हे वहीत आहे. म्हणजे नऊ पस्तीस. आम्ही आठ वाजता पोचलो. युसुफच्या बादलीत आधीच तीन शेरी. टिपणिसांनी कठड्याला कोनमापक लावला आणि काठी शेजारी आडवी ठेवून बसून राहिले. दीड तास. पाणी खांबांना घासत वाहतंय आणि हा माणूस त्याच्याकडे बघतोय. मी सगळा थर्मास एकट्याने संपवला.

साधारण नवाच्या सुमाराला युसुफने विचारलं की साब आज पाहुणे आहेत ना. घरातली बातमी त्याच्या दुकानात माझ्यामार्फत पोचलेली होती. त्याने बादली पायाने टिपणिसांकडे सरकवली. "दो ले जाओ साब. ये भी तो काँटे का है. कौन पूछेगा?"

आणि हे अगदी खरं होतं. ते मासे गळाचेच होते, ताजे होते, नाखवांचे सात पूर्वज उठून आले असते तरी त्यांना कळलं नसतं. मीही म्हणालो की घ्या, मी कुणाला सांगणार नाही. टिपणिसांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं, मग बादली पायानेच परत युसुफकडे सरकवली आणि शुक्रन म्हणाले. युसुफ म्हणाला, मिलेगा साब, इन्शाल्ला. ज्या सुरात इथले घरमालक नळ दुरुस्त करू म्हणून सांगतात, त्या सुरात.

नऊ बत्तीसला त्यांनी दोरी सोडून बघितली. पाच अंश. गुंडाळली. नऊ छत्तीसला पुन्हा सोडली, आणि दोरी धक्क्याच्या खांबाला लागून अशी सरळ उतरली की जणू आत कुणी धरून ठेवलीय. पाणी काचेसारखं. टिपणीस मोजायला लागले. एक, दोन, तीन, देवळात प्रदक्षिणा मोजावी तसा चेहरा. चौदावर थांबले. काही नाही. वर घेतली, पुन्हा सोडली, बारावर थांबले. काही नाही. अकरा. नाही. माझं लक्ष घड्याळाकडे, नऊ पंचेचाळीस, नऊ पन्नास. मनात मी फ्रीजरमधल्या सुरमईचे तुकडे मोजत होतो.

नऊच्या अंकावर दोरी ढिली पडली. एवढीशी. मला वाटलं वारा. टिपणिसांनी मनगट वर घेतलं, तान्ह्या मुलाच्या हातातला खुळखुळा काढून घ्यावा तसं, आणि ती काडीसारखी काठी पाण्यापर्यंत वाकली. युसुफ स्वतःची दोरी सोडून मोठ्या जाळीचा झेला घेऊन धावला. दीड वीत लांब शेरी. ओठात तो गुलाबी झालरीचा शेंगदाणा. धक्क्यावरचे दोन फिलिपिनो टाळ्या वाजवायला लागले. टिपणिसांनी मासा बादलीत ठेवला, वही उघडली, नऊ बावन्न लिहिलं, कोन शून्य लिहिला, आणि पुढे काय लिहावं हे न सुचून पेन तसंच धरून ठेवलं. मग खलास, म्हणाले, चला. अजून पाच मिनिटं पाणी थांबलेलं होतं. दुसरा मासा मिळाला असता. पण हा माणूस असाच.

दुपारी त्यांच्या घरी आम्ही आठ जण होतो. ते तिघं, नाखवा तिघं, मी आणि गौरी. कमलिनीवहिनींनी सुरमई मोठ्या ताटात आणली आणि शेरी वेगळ्या छोट्या थाळीत, देवाच्या नैवेद्यासारखी. एका माशाचे सात तुकडे, आणि डोकं आमटीत, ते विजय नाखवांच्या वाटीत, मान म्हणून. भैरवी सगळा वेळ स्वतःच्या ताटात बघत होती.

नाखवांनी डोकं बोटांनी वर उचललं. कल्ले उघडून बघितले, मग खालचा ओठ अंगठ्याने ताणला. त्यांची बायको नयना नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. टेबलावरचे सगळेच बघत होते. टिपणीस भात कालवत होते, कालवलेलाच पुन्हा कालवत होते.

"नुसतं भोक आहे," नाखवा म्हणाले. "ओठ फाटला नाही. हळू उचललाय." मग विचारलं की कशाने. टिपणिसांनी उठून औषधाच्या डबीतून जिग आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. नाखवांनी तो डोळ्यांजवळ नेला, झालर फुंकून बघितली. म्हणाले की असलं खेळणं घेऊन आमच्या होडीत कुणी आला असता तर त्याला किनाऱ्यावरच उतरवलं असतं. मग जिग खिशात घातला आणि विचारलं की पाणी किती वेळ थांबतं तिथे. टिपणीस वही आणायला आत गेले. भैरवीने पहिला घास घेतला.

मला हे बघवेना. वही आली, दोघं व्याही डोकी जुळवून शून्यांवर बोट फिरवायला लागले, आणि माझ्या वाट्याला आलेला शेरीचा तुकडा दोन घासांत संपला होता. म्हणून मी मोठ्याने म्हणालो की टिपणीस, दोन वर्षांत एक मासा, आता पुढचा काय भैरवीच्या मुलाच्या बारशाला का? कुशल हसला, गौरीने मला टेबलाखालून लाथ मारली, नाखवाही हसले. टिपणीस हसले नाहीत. वहीतून मान वर न करता म्हणाले, "दोन वर्षं तू माझ्या बादलीत बघत आलास, अभिजित. मी पाण्यात बघत होतो."